सळईचे ब्रेक, तेलाचे ब्रेक

जुन्या गाडीला नव्या पद्धतीचे ब्रेक बसवावेत का, या प्रश्नावर व्हिंटेज गाड्या बाळगणाऱ्यांत हमखास वाद होतो. एक पक्ष म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी. दुसरा म्हणतो, अहो, पण थांबली नाही तर? आज या वादाचा इतिहास बघू. उदाहरण फोर्डचं घेतो. त्या काळात फोर्ड गाड्या मुंबईतही जोडल्या जात, त्यामुळे त्या आपल्याला अगदीच परक्या नाहीत.

मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात बनली, दीड कोटींच्या आसपास. तिच्या पायाच्या ब्रेकचा चाकाशी थेट संबंधच नव्हता! तो गिअरपेटीतला पट्टा आवळायचा. मग डिसेंबर १९२७ मध्ये मॉडेल ए आली. तिला चारही चाकांना ब्रेक होते, पण सळयांचे. पेडल दाबलं की एक आडवा दांडा फिरणार, तो चार सळया ओढणार, आणि प्रत्येक सळई आपापल्या ड्रममधले शू उघडणार. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात चारही सळयांची ओढ सारखी राखणं म्हणजे मेकॅनिकची परीक्षा. एका चाकाचा ब्रेक आधी धरला की गाडी त्या बाजूला खेचलीच.

आता बघा, १९२८ साली प्लिमथ ही स्वस्त गाडी बाजारात आली तीच तेलाचे ब्रेक घेऊन. पास्कलचा नियम आपण सगळ्यांनी शाळेत घोकलाय: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. तोच इथे कामाला लावलेला. शेव्हरोलेनं १९३६ मध्ये तेल स्वीकारलं. हेन्री फोर्ड मात्र अडून बसले. पायापासून चाकापर्यंत अखंड पोलाद, हीच खरी सुरक्षितता, असा कंपनीच्या जाहिरातींचा सूर होता. तेल गळू शकतं, पोलाद गळत नाही. हा मुद्दा अगदी खोटा नव्हता, पुढे त्याच्याकडे येतोच. पण मधल्या काळात, १९३२ मध्ये, फोर्डनं ६५ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन आणलं. मॉडेल ए होती ४० ची. ताकद दीडपटीहून जास्त, आणि थांबवायला त्याच सळया! फोर्डमध्ये तेल आलं ते १९३९ च्या मॉडेलला.

आणि इथे दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं येतात. मुरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या सरोवरांवर ती जुन्या फोर्ड पळवायची. त्यांच्या क्लबांनी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली होती. फोर्डनं पुढच्या आसाची मूळ रचना वर्षानुवर्षं फारशी बदलली नव्हती. त्यामुळे १९३९ नंतरच्या फोर्डचे तेलाचे ब्रेक थोडी जुळवाजुळव केली की १९३२ च्या गाडीवर बसत. भंगारात आलेल्या गाडीचे ब्रेक काढायचे, घरामागच्या शेडमध्ये बसवायचे. महायुद्धानंतर ही गोष्ट फार वाढली, कारण सैन्यातून यंत्रकाम शिकून आलेले तरुण होते आणि जुन्या फोर्ड स्वस्त होत्या. पुढे कोणी लिंकनचे बेंडिक्स ब्रेक लावले, ज्यात एक शू दुसऱ्याला रेटतो आणि पकड वाढते. त्यावर ब्युइकचे पंख्यांचे ॲल्युमिनियम ड्रम, उष्णता लवकर जावी म्हणून.

म्हणजे ब्रेक बदलण्याची ही खटपट आजच्या हौशी लोकांनी काढलेली नाही. गाडी दहा-पंधरा वर्षांची असतानाच ती सुरू झाली होती.

डिस्क ब्रेकची कथा थोडक्यात सांगतो. लँचेस्टरचं पेटंट १९०२ चं, पण नाव झालं १९५३ मध्ये, जॅग्वारनं ल मां जिंकली तेव्हा. १९६५ च्या मस्टँगला पुढे डिस्क हा पर्याय मिळत होता. आज जुन्या गाडीला डिस्क लावायची म्हटलं, की लोक फक्त चाकाकडे बघतात. चूक इथेच होते. ड्रममधला शू फिरत्या ड्रमबरोबर थोडा ओढला जातो आणि आपोआप घट्ट बसतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही, म्हणून दाब जास्त लागतो, तेलही जास्त सरकवावं लागतं. जुनाच मास्टर सिलिंडर ठेवलात तर पेडल एक तर दगड होईल, नाही तर खोल जाईल. मागे ड्रम तसेच ठेवले तर दाबाचं वाटप करणारा व्हॉल्व्ह बघावा लागतो. मागची चाकं आधी जाम झाली की गाडी गर्रकन फिरते. ओल्या रस्त्यावर तर विचारूच नका.

आता हेन्री फोर्डांच्या शंकेकडे येऊ. १९३९ च्या ब्रेकला तेलाचा एकच मार्ग होता. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. यावर उपाय म्हणजे दोन स्वतंत्र मार्ग. कॅडिलॅक आणि रॅम्बलरनं १९६२ च्या मॉडेलना तो दिला, आणि १९६७ च्या मॉडेलपासून अमेरिकेत तो सर्रास झाला. माझं मत विचाराल तर एकेरी मार्गाच्या जुन्या गाडीला आधी हा दुहेरी मास्टर सिलिंडर लावा, डिस्कचं नंतर बघू. बाहेरून दिसत नाही, गाडीचं रूप बिघडत नाही. आणि समोरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला तुमचे ब्रेक कोणत्या सालचे आहेत हे कुठे माहीत असतं?

राहिला अस्सलपणाचा प्रश्न. समजा, १९३२ ची एक फोर्ड आहे आणि तिला १९४६ मध्ये कुणी १९४० चे ब्रेक लावलेत. ते काढून परत सळया बसवायच्या? कॅलिफोर्नियातलं पेबल बीचचं प्रदर्शन म्हणजे अस्सलपणाच्या बाबतीत सोवळंच. तिथेही १९९७ मध्ये जुन्या हॉट रॉड गाड्यांना स्वतंत्र वर्ग मिळाला. अशा गाडीचे तेलाचे ब्रेक काढून सळया लावणं म्हणजे मला तरी तिचा इतिहास पुसणं वाटतं. चला, आता प्रश्न घेऊ.