कडू कवठाच्या तेलाचा मागोवा

आमगाव, सालेकसा, देवरी या झाडीपट्टीच्या टापूत आशाताई घरोघर फिरतात तेव्हा ताप-खोकल्याबरोबर अंगावरचे चट्टेही विचारतात. फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला की त्यावर हलकेच काहीतरी टेकवून बघतात. त्या जागी स्पर्श कळला नाही, तर कुष्ठरोगाचा संशय घ्यायचा आणि माणसाला सरकारी दवाखान्यात पाठवायचं. राज्यात या रोगाचा जोर पूर्व विदर्भात अधिक आहे, त्यामुळे हे काम इथे अजून संपलेलं नाही. आता निदान झालं की गोळ्यांची पाकिटं मिळतात. त्या गोळ्या येण्यापूर्वी मात्र या रोगावर जगभरात भरवसा होता तो एका कडू बियांच्या तेलावर. त्या तेलाची गोष्ट म्हणजे वैद्यक आणि डॉक्टरकी यांच्या भेटीगाठींची आणि ताटातुटीचीही गोष्ट आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात 'तुवरक' नावाचं झाड येतं. ते पश्चिम समुद्राच्या काठी वाढतं, पावसाळ्याच्या तोंडावर त्याची फळं गोळा करायची, बिया वाळवून तेल काढायचं आणि कुष्ठाच्या रोग्याला पाजायचं, असा सविस्तर विधी तिथे आहे. अभ्यासक हे झाड म्हणजे कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या ओढ्याकाठचं कडू कवठ मानतात. कवठासारखंच टणक सालीचं फळ आणि आत गरात रुतलेल्या बिया. आमगावच्या रानात मोह, तेंदू, बेहडा, बिबा भरपूर. कडू कवठ मात्र इथलं नव्हे.

ग्रंथातलं हे ज्ञान आणि इंग्रजी वैद्यक एका छपराखाली आणण्याचा एक प्रयत्न कलकत्त्यात झाला होता. १८२२ साली निघालेल्या नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशनमध्ये दोन्ही विद्या शिकवल्या जात. १८३५ मध्ये सरकारने ती बंद केली आणि पुढची महाविद्यालयं फक्त पाश्चात्त्य वैद्यकाची, इंग्रजी माध्यमाची झाली. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये निघालं ते याच साच्यातलं. म्हणजे ज्याला दोन्ही टोकं जोडायची असतील त्याने ती स्वतःच्या हिमतीवर जोडावीत, अशी स्थिती झाली.

ती हिंमत केली या कॉलेजच्या पहिल्या तुकडीतल्या भाऊ दाजी लाड यांनी. मूळचे पेडण्याजवळच्या मांद्र्याचे, शिकले मुंबईत. १८५१ च्या सुमारास पदवी घेऊन त्यांनी दवाखाना थाटला, तो चांगला चालला, गरिबांना ते फुकट औषध देत. धाकटे भाऊ नारायण हेही डॉक्टर. भाऊंचं संस्कृत पक्कं होतं, शिलालेख वाचण्याचा नाद होता, आणि जुन्या वैद्यकग्रंथांतल्या औषधांची पारख रोग्यावर करून पाहण्याची जिद्द होती. १८६० च्या दशकात ते कुष्ठरोगाकडे वळले आणि कडू कवठाचं तेल वापरू लागले. तिकडे बंगालमध्ये फ्रेडरिक मौआट यांनी १८५४ मध्येच त्याच कुळातल्या चालमोगऱ्याबद्दल लिहून त्याचे गुण डॉक्टरांसमोर मांडले होते.

भाऊ दाजींनी मात्र आपलं औषध कोणतं, हे बराच काळ सांगितलं नाही. त्यावरून समव्यवसायी डॉक्टरांनी त्यांच्यावर टीका केली, आणि ती रास्त होती. वैद्याच्या घराण्यात नुसखा झाकून ठेवणं ही रीत असेल. पण वैद्यकीय पदवी घेतलेल्या माणसाने इलाज उघड केला नाही, तर दुसऱ्याला तो पडताळून पाहता येत नाही. १८७४ मध्ये भाऊ गेले तेव्हा त्यांच्या प्रयोगांतून इतरांच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं.

तेलाचा पुढचा प्रवास उघड झाला. १९०४ मध्ये लंडनला फ्रेडरिक पॉवर यांनी चालमोगऱ्याच्या तेलातली आम्लं वेगळी काढली. तेल पाजलं तर रोगी ओकतो आणि टोचलं तर ते दाट असल्याने कातडीखाली साचतं, गाठी येतात, ही खरी अडचण होती. हवाईत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ महिलेने त्या आम्लांचं इथाइल एस्टर करून ते शरीरात सहज पसरेल असं बनवलं. ती १९१६ च्या शेवटी, वयाच्या चोविसाव्या वर्षी वारली आणि श्रेय काही वर्षं दुसऱ्याच्या नावावर गेलं. १९२२ मध्ये डॉ. हॅरी होल्मन यांनी लेख लिहून ते तिचंच असल्याचं नोंदवलं. कलकत्त्यातही लिओनार्ड रॉजर्स यांनी याच तेलावर काम केलं. काही रोग्यांना गुण आला, बऱ्याच जणांना आला नाही.

१९४० च्या दशकात सल्फोन औषधं आली, डॅप्सोन स्वस्त आणि तोंडाने घेण्याजोगं ठरलं, आणि तेल मागे पडलं. बाबा आमटे कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला कलकत्त्याला गेले आणि १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं, तो काळ डॅप्सोनचा होता. जंतू एकट्या डॅप्सोनला दाद देईनात, तेव्हा १९८० च्या दशकात रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांची बहुविध उपचारपद्धती आली.

परंपरेचा मान राखायचा म्हणजे ती जपून पुजायची, असा समज आपल्याकडे आहे. कडू कवठाचा इतिहास वेगळं शिकवतो. तेल खरंच गुणी होतं, म्हणूनच ते प्रयोगशाळेपर्यंत पोचलं. आणि त्याहून चांगलं औषध आलं, म्हणूनच ते कपाटात गेलं. दोन्ही पद्धती एकत्र वापरू पाहणाऱ्या आजच्या डॉक्टरांनी भाऊंची जिज्ञासा घ्यावी, त्यांचं मौन घेऊ नये: काय दिलं, किती जणांना दिलं, कुणाला गुण आला, कुणाला अपाय झाला, हे लिहून ठेवावं आणि दाखवावं.

आणि आमगावच्या वाचकांना एक विनंती. अंगावर बधिर चट्टा दिसला तर तेल, लेप, जडीबुटी करत बसू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतो आणि लवकर गेलात तर हातापायांना व्यंग येत नाही.