हवाई सुंदरीचे पस्तिसावे वर्ष

२८ ऑगस्ट १९८१. ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गर्भारपणामुळे नोकरी घालवणारी अट रद्द झाली, म्हणून तो आजही गौरवला जातो. त्याच निकालात वयाचे काय झाले, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

मुंबईत मुख्यालय असलेल्या या सरकारी महामंडळाचा सेवानियम ४६ सांगे : हवाई सुंदरीने ३५व्या वर्षी निवृत्त व्हावे, सेवेच्या पहिल्या ४ वर्षांत विवाह झाल्यास तेव्हा, वा पहिल्या गर्भारपणी, यांतले जे आधी घडेल ते. नियम ४७ प्रमाणे व्यवस्थापकीय संचालक मर्जीनुसार एकेक वर्ष वाढवून देत, फार तर पंचेचाळिशीपर्यंत. त्याच विमानात प्रवाशांची सेवा करणारा पुरुष साहाय्यक फ्लाइट पर्सर ५८व्या वर्षापर्यंत उडत असे.

न्या. फझल अली यांनी निकालपत्रात तरुण, देखण्या स्त्रियाच हव्यात हा युक्तिवाद फोल ठरवला. अनुभवी स्त्री प्रवाशांची काळजी अधिक चांगली घेईल, असेही म्हटले. तरीही ३५ची अट टिकली! संचालकांची मर्जी तेवढी गेली. प्रकृती ठीक असेल तर ४५पर्यंत मुदतवाढ देणे बंधनकारक झाले. (विवाहाची अटही टिकली, आणि तिच्या समर्थनार्थ चक्क कुटुंबनियोजनाचा दाखला दिला गेला.)

असे का? पर्सर आणि हवाई सुंदरी हे दोन निराळे संवर्ग. भरती निराळी, सेवाशर्ती निराळ्या. म्हणून तुलनाच नको, असे न्यायालय म्हणाले. शिवाय राज्यघटनेचा अनुच्छेद १५ उघडून पाहा : धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. त्या यादीत वय नाही. वयाची तक्रार घेऊन येणाऱ्याला अनुच्छेद १४मधील सर्वसाधारण समानतेचाच आधार घ्यावा लागतो, आणि तिथे ‘वाजवी वर्गीकरण’ आडवे येते. अमेरिकेने १९६७ मध्येच चाळिशीपुढील कामगारांसाठी वेगळा कायदा केला होता. ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्याने तर वयाच्या बाबतीतही समान संधीला चालना देण्याचा विचार करणे, हे सार्वजनिक संस्थांचे कर्तव्यच ठरवले.

आपल्याकडे पुढे उड्डाणाची मर्यादा पन्नाशीपर्यंत गेली. त्यानंतर ५८पर्यंत जमिनीवरचे काम. २००१ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद अवैध ठरवला, २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. त्या अपिलातली अपीलकर्ती होती खुद्द केबिन क्रूची संघटना. बहुसंख्य हवाई सुंदरींना पन्नाशीनंतर उडायचेच नाही, असे तिचे म्हणणे होते.