शहादें येथील ध्वनिफितींची नक्कल व पाठशुद्धीचा प्रश्न

शहादें हें गोमाई नदीच्या कांठचें गांव. पूर्वीं तें पश्चिम खानदेशांत, नंतर धुळें जिल्ह्यांत व १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत मोडतें. या टापूंत गुजरी, अहिराणी, भिली, पावरी अशा बोली शेजारीं शेजारीं नांदतात. त्यांतील वाङ्मय बहुतेक मुखोद्गत असल्यामुळें, दप्तरें व पोथ्या धुंडाळणाऱ्यांच्या हातीं तें क्वचितच लागतें. अलीकडच्या काळापुरतें त्याचें एक साधन मात्र पुष्कळ घरीं पडून आहे, तें म्हणजे जुन्या कॅसेटी. त्यांची संगणकावर नक्कल करतांना प्रस्तुत लेखकाच्या हातून जो प्रमाद घडला, तो येथें नमूद करतों.

पोथीप्रमाणें फितींचेंहि वर्णन प्रथम द्यावें हें बरें. एकूण कॅसेटी अकरा. पैकीं नऊ साठ मिनिटांच्या व दोन नव्वद मिनिटांच्या. १९८४ ते १९८६ या सालांत रविवारच्या सुटींत मीं त्या आसपासच्या खेड्यांतून मुद्रित केल्या. विषय, घरोटावरच्या, म्हणजे जात्यावरच्या, अहिराणी ओव्या. कॅसेटीचा हा प्रकार फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं बाहेर आणला. आंतील फीत पावणेचार मिलिमीटरांहून किंचित् रुंद असून ती सेकंदास ४.७६ सेंटिमीटर वेगानें सरकते. नव्वद मिनिटांची फीत अधिक पातळ असते. पातळ कागदावर पाठीमागची शाई उमटावी तसा एका वेढ्याचा ध्वनि तिच्या शेजारच्या वेढ्यावर उमटतो.

नक्कल करण्याची रीत अवघड नाहीं. टेपरेकॉर्डरचें हेड फितीशीं बरोबर काटकोनांत आणावें लागतें, नाहींतर बारीक स्वर बुजतात. पुढें संगणक सेकंदास ४८,००० वेळां ध्वनीचें मोजमाप घेतो. प्रत्येक मापास २४ बिट धरल्यास एका तासाच्या एकमार्गी ध्वनीस सुमारें ५२ कोटी बाइट लागतात. जागा वांचविण्यासाठीं एमपी३ करणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें कीं, ती प्रत मूळाबरहुकूम नसते.

माझी चूक याच्या पुढची. फितीवरील खरखर काढणारी एक सोय संगणकांत असते. गाणें नसलेला एक तुकडा नमुना म्हणून दाखवावयाचा; त्यांत जें ऐकूं येतें तें संगणक सबंध फितींतून वजा करतो. चौथ्या कॅसेटीचा आरंभींचा तुकडा मीं दिला. ओवी अद्याप सुरू झाली नव्हती, पण घरोट फिरत होता! तिघी बायकांचे गळे इतके स्वच्छ निघाले कीं मला धन्य वाटलें, आणि तीच एक प्रत मीं ठेविली. तीवरून ओव्या उतरून घेतांना मध्येंच येणाऱ्या खंडांवर मीं ‘येथें चरण त्रुटित’ असे शेरे मारले.

त्या तिघींपैकीं दोघी आतां हयात नाहींत. तिसरीस ती प्रत ऐकविली. बाई कांहीं वेळ गप्प बसल्या, आणि मग म्हणाल्या, ‘‘गुरुजी, घरोट कोठे गया?’’

मूळ फीत पुन्हां लावली तेव्हां उलगडा झाला. दाणे सरत आले कीं दगडावर दगड कोरडा घासतो. मग मूठभर वैरण पडते व आवाज भरड होतो. तेवढ्यापुरती गाणारी थांबते. त्रुटित कांहींच नव्हतें. ज्या ग्रंथाची प्रत त्रुटित नाहीं त्यास त्रुटित ठरविणारा संपादक मीं झालों होतों, आणि तेंहि लेखकूच्या दोषावांचून.

पुणें येथें हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांच्या प्रयत्नानें जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांतील ध्वनिमुद्रित भाग त्या मानानें लहान आहे. घरोटासह मिळालेली एकेक ओवी किती मोलाची, हें यावरून कळावें.

चौथ्या कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूस मात्र फीत चाकांत अडकून चुरगळली. तेथील चार ओव्या आतां केवळ त्या धुतलेल्या प्रतींतच उरल्या आहेत. त्यांवर ‘घरोट लुप्त, लेखकाच्या दोषानें’ अशी नोंद केली असून, बाकीच्या फितींची न धुतलेली नक्कल दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेविली आहे. नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेटी अद्याप लावलेल्या नाहींत. त्यांच्या आंतील नमद्याची गादी गळून पडली आहे, ती आधीं बसवावयाची आहे.