हिवाळ्यातील मॅरेथॉन : फुकुओकाच्या शर्यतीचा इतिहास

मॅरेथॉन ही ४२.१९५ किलोमीटरची रस्त्यावरील शर्यत आधुनिक ऑलिम्पिकबरोबर जन्माला आली आणि १८९६ ची अथेन्सची स्पर्धा एप्रिलमध्ये झाली असली तरी पुढे ऑलिम्पिकचे वेळापत्रक उन्हाळ्याशी जोडले गेल्याने तिची सुरुवातीची वर्षे या शर्यतीला मुळीच न मानवणाऱ्या ऋतूत गेली. १९०४ मध्ये सेंट लुईस येथे ३० ऑगस्टला, धुळीच्या रस्त्यांवरून आणि पाण्याची जेमतेम सोय असताना ३२ स्पर्धक धावले, त्यांपैकी १४ जणच अंतिम रेषेपर्यंत पोहोचले. १९०८ च्या जुलैमध्ये लंडनच्या स्टेडियममध्ये सर्वांत आधी शिरलेले इटलीचे दोरांदो पिएत्री शेवटच्या काही शे मीटरांत वारंवार कोसळले आणि पंचांनी हात दिल्यामुळे बाद ठरले. धावताना स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा बराच मोठा भाग हालचालीत न जाता उष्णतेत रूपांतरित होतो, ही उष्णता घामाचे बाष्पीभवन आणि त्वचेवरून वाहणारी हवा यांच्याद्वारे बाहेर टाकावी लागते, आणि भोवतालची हवाच तापलेली किंवा दमट असेल तर शरीराचे तापमान घातक पातळीपर्यंत चढते. साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपासची कोरडी, निवांत हवा या अंतराला सर्वांत अनुकूल असते, हे आज सर्वमान्य आहे. पण ते मान्य होण्यास अनेक दशके जावी लागली. ज्या शर्यतीने हिवाळा हाच मॅरेथॉनचा खरा ऋतू असल्याचे जगाला पटवून दिले, ती जपानच्या क्युशू बेटावर सुरू झाली.

त्या शर्यतीमागे शिझो कानाकुरी यांचे नाव आहे. कुमामोतो प्रांतात जन्मलेले आणि टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयात शिकणारे कानाकुरी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकसाठी निवडले गेले, तेव्हा त्यांच्या प्रवासखर्चाला सहाध्यायांच्या वर्गणीचा हातभार लागला. बोटीने व्लादिवोस्तोक आणि तेथून सैबेरिया ओलांडणारी रेल्वे, असा तो अडीच आठवड्यांहून अधिक काळाचा प्रवास होता. वाटेत सराव म्हणजे गाडी थांबेल त्या स्थानकावर फेऱ्या मारणे एवढाच. १४ जुलैला मॅरेथॉन झाली तेव्हा स्वीडनच्या मानाने असह्य असा, ३० अंशांच्या वर गेलेला उकाडा होता. पोर्तुगालचे फ्रान्सिस्को लाझारो या शर्यतीत कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. सुरुवात करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास स्पर्धकांनी शर्यत सोडली. कानाकुरीही अर्ध्याच्या पुढे कुठेतरी भोवळ येऊन पडले, रस्त्यालगतच्या एका घरातील लोकांनी त्यांची शुश्रूषा केली, आणि ते आयोजकांना न कळवताच परतल्याने अधिकृत नोंदींत त्यांचा ठावठिकाणा राहिला नाही. १९६७ मध्ये स्वीडनच्या निमंत्रणावरून स्टॉकहोमला जाऊन त्यांनी ती शर्यत समारंभपूर्वक पूर्ण केली आणि ५४ वर्षे, ८ महिने व काही दिवस अशी तिची वेळ जाहीर झाली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. मात्र तिच्या लोकप्रियतेमुळे कानाकुरींनी मधल्या ५५ वर्षांत उभे केलेले कार्य झाकोळले जाते, हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

१९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये कानाकुरी पुन्हा धावले, आणि मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी गोष्ट ही की त्याच शर्यतीत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे भारतातर्फे उतरले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत ग्रामीण धावपटूंची चिकाटी पाहून सर दोराबजी टाटा यांनी हा चमू पाठवण्यासाठी पुढाकार घेतला होता. अँटवर्पच्या मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजवरच्या सर्व ऑलिम्पिकांत सर्वाधिक होते, परंतु हवा थंड आणि पावसाळी होती. त्यामुळे फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेन यांनी ती २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. स्टॉकहोमच्या विजेत्याला याहून सुमारे अडीच किलोमीटर कमी धावूनही चार मिनिटे अधिक लागली होती. धावपटू वेगळे होते हे खरे, तरीही उकाड्यातील आणि गारव्यातील शर्यतींचा फरक इतक्या ठळकपणे दाखवणारी दुसरी जोडी त्या काळात सापडणे कठीण आहे. कानाकुरी सोळावे आले आणि त्यांच्यामागून सुमारे दोन मिनिटांनी, एकोणिसाव्या स्थानी, चौगुले पोहोचले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत कानाकुरींच्या पुढाकाराने टोकियो ते हाकोने आणि परत अशी दोन दिवसांची, विद्यापीठ-संघांची एकीडेन सुरू झाली होती. एकीडेन म्हणजे लांब पल्ल्याची सांघिक शर्यत. तिच्यात प्रत्येक धावपटू आपला टप्पा संपवून खांद्यावरून तिरका घेतलेला तासुकी नावाचा कापडी पट्टा पुढच्या सहकाऱ्याच्या हाती देतो. १९१७ मध्ये क्योटोहून टोकियोपर्यंत, सुमारे ५०० किलोमीटरची पहिली एकीडेन योमिउरी या वृत्तपत्राने भरवली, तिच्यातही शेवटच्या टप्प्यावर कानाकुरी धावले होते. हाकोनेची शर्यत पुढे २ आणि ३ जानेवारीला स्थिरावली आणि नववर्षाच्या सुट्टीत ती पाहणे हा जपानी कुटुंबांचा परिपाठ बनला. फुजीच्या बाजूने येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात, बर्फाने पांढरे झालेले घाट चढत धावणारे विद्यार्थी तेथे शौर्याचे प्रतीक ठरले. लांब धावणे हे थंडीचे काम आहे ही समजूत जपानमध्ये अशी मूळ धरत गेली, आणि तिला वृत्तपत्रांचे पाठबळ लाभले. कारण शर्यत भरवणे, तिची बातमी देणे आणि त्यातून वाचक जोडणे ही तिन्ही कामे एकाच संस्थेच्या हाती होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर, अन्नटंचाईच्या आणि उद्ध्वस्त शहरांच्या काळात, डिसेंबर १९४७ मध्ये आसाही शिंबुन या वृत्तपत्राने कानाकुरींच्या गौरवार्थ त्यांच्याच कुमामोतोत मॅरेथॉन भरवली. ‘कानाकुरी पारितोषिक मॅरेथॉन’ ही तिची पहिली ओळख. सुरुवातीच्या वर्षांत ही शर्यत गावोगाव फिरती होती आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस फुकुओका शहरात तिचे बस्तान बसले. शेजारीच बेप्पू-ओइता येथे १९५२ पासून माइनिची या प्रतिस्पर्धी वृत्तपत्राची हिवाळी मॅरेथॉन होऊ लागली. तिथेच फेब्रुवारी १९६३ मध्ये तोरू तेरासावा यांनी २ तास १५ मिनिटे १५.८ सेकंद अशी त्या वेळची जगातील सर्वोत्तम वेळ नोंदवली. आसाहीची शर्यत या सर्वांहून वेगळी ठरली ती परदेशी धावपटूंना निमंत्रण देण्याच्या प्रथेमुळे.

ही प्रथा १९५० च्या दशकाच्या मध्यापासून रुजली. १९५५ मध्ये फिनलंडचे वेइक्को कार्वोनेन जिंकले, १९६० मध्ये न्यूझीलंडचे बॅरी मगी. त्या काळी धावपटू हौशी असत, म्हणजे खेळातून पैसे मिळवण्यास त्यांना नियमाने मनाई होती. नोकरी सांभाळून सराव करणाऱ्या माणसाला अर्धे जग ओलांडण्याचा खर्च स्वतः पेलणे अशक्य होते. निमंत्रितांचा खर्च यजमान उचलत असल्याने जगातील निवडक धावपटू डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एकाच सुरुवातीच्या रेषेवर येऊ शकले. ऋतूंचे गणितही जुळून आले. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील शर्यतींचा हंगाम तेव्हा ओसरलेला असे आणि तिकडचे रस्ते बर्फाने भरू लागत, तर फुकुओकात त्या दिवसांत दुपारीही पारा बहुधा १० ते १५ अंशांत राही; ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या धावपटूंना मात्र आपला उन्हाळा मागे टाकून थेट गारव्यात उतरावे लागे. जुन्या किल्ल्याच्या आवारातील हेइवादाई मैदानावरून निघून हाकाता उपसागराच्या काठाने वाळूच्या पट्ट्यावरील गान्नोसूपर्यंत जायचे आणि तेथून वळून त्याच वाटेने परतायचे, असा तो जवळजवळ सपाट मार्ग होता. सपाटीचा लाभ कधीकधी गेंकाई समुद्रावरून येणारा वारा हिरावून घेई.

१९८३ पूर्वी ॲथलेटिक्सची स्वतंत्र जागतिक स्पर्धा नव्हती, त्यामुळे चार वर्षांतून एकदा येणाऱ्या ऑलिम्पिकच्या मधल्या काळात जगात अव्वल कोण, याचा निवाडा फुकुओकात होई. ३ डिसेंबर १९६७ रोजी ऑस्ट्रेलियाचे डेरेक क्लेटन यांनी तेथे २ तास ९ मिनिटे ३६.४ सेकंदांत शर्यत पूर्ण केली. दोन तास दहा मिनिटांच्या आत मॅरेथॉन धावणारे ते पहिले, आणि आधीचा, मोरिओ शिगेमात्सू यांचा २ तास १२ मिनिटांचा विक्रम त्यांनी एकाच झेपेत जवळजवळ अडीच मिनिटांनी मोडला. अमेरिकेच्या फ्रँक शॉर्टर यांनी १९७१ मध्ये फुकुओका जिंकली, दुसऱ्या वर्षी म्युनिकला ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले, आणि १९७४ पर्यंत फुकुओकाचे विजेतेपद सलग चार वर्षे आपल्याकडे ठेवले.

या शर्यतीचा दुसरा, कमी चर्चिला गेलेला गुण म्हणजे अंतराच्या मोजणीतील काटेकोरपणा. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये अल्बेर्तो सालाझार यांनी न्यूयॉर्कमध्ये २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांचा जागतिक विक्रम केल्याचे जाहीर झाले होते, परंतु नंतरच्या फेरमोजणीत तो मार्ग सुमारे १४८ मीटरने कमी भरला. परिणामी त्याच डिसेंबरात फुकुओकात ऑस्ट्रेलियाचे रॉबर्ट दि कास्टेला यांनी नोंदवलेली २ तास ८ मिनिटे १८ सेकंद ही वेळच खरा विक्रम ठरली. सहा वर्षांनी, १९८७ मध्ये, ताकेयुकी नाकायामा यांनी तेथेच अगदी हीच वेळ नोंदवली, पण ती ज्या हवामानात नोंदवली त्याने थंडीची दुसरी बाजू उघड केली. सोल ऑलिम्पिकसाठी निवडीची म्हणून ठरवलेल्या या शर्यतीत नाकायामा सुरुवातीपासून एकटे पुढे निघाले आणि ३५ किलोमीटरपर्यंत विश्वविक्रमाच्या गतीने धावत राहिले. त्यानंतर गार पाऊस आणि हिमकण यांच्या माऱ्यात त्यांचा वेग उतरला. अंग भिजले आणि वारा सुटला की शरीरातील उष्णता निर्माण होण्यापेक्षा वेगाने निघून जाते, स्नायू आखडतात आणि उन्हात घातक ठरणारी उष्णताच येथे अपुरी पडते. थंडी उपकारक असते ती ठरावीक मर्यादेत, आणि कोरडी असेल तर.

हिवाळी यश उन्हाळ्यात टिकतेच असे नाही, याचा सर्वांत वेदनादायक दाखला तोशिहिको सेको यांचा आहे. १९७८, १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ तीन वर्षे आणि पुन्हा १९८३ मध्ये त्यांनी फुकुओका जिंकली. घोळक्यात शांतपणे राहून शेवटच्या काही शे मीटरांत मुसंडी मारण्याची त्यांची पद्धत प्रतिस्पर्ध्यांना ठाऊक असूनही रोखता येत नसे. जपानच्या बहिष्कारामुळे १९८० चे मॉस्को ऑलिम्पिक त्यांच्या हातून गेले, आणि १९८४ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या उन्हात ते चौदावे आले. त्याच शर्यतीत दि कास्टेला पाचवे राहिले आणि पोर्तुगालचे ३७ वर्षांचे कार्लोस लोपेस विजयी झाले. सेको यांच्या पिढीतील सर्वोत्तम मॅरेथॉनपटू कोण, हा प्रश्न केवळ ऑलिम्पिक पदकांवरून सोडवू पाहणे म्हणूनच चुकीचे ठरते.

फुकुओकाची शर्यत पुरुषांपुरती आणि ठरावीक पात्रता-वेळ गाठलेल्यांपुरती मर्यादित होती. स्त्रियांसाठी नोव्हेंबर १९७९ मध्ये टोकियोत स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली आणि तिच्या पहिल्या दोन्ही खेपा इंग्लंडच्या जॉइस स्मिथ यांनी जिंकल्या. १९८२ पासून ओसाकात जानेवारीची शर्यत होऊ लागली. सामान्य नागरिकाला मात्र या निवडक शर्यतींत जागा नव्हती. ती कोंडी १८ फेब्रुवारी २००७ रोजी, थंड पावसात सुमारे ३०,००० लोक टोकियोच्या रस्त्यांवर धावले तेव्हा फुटली. महाराष्ट्रात हा टप्पा वेगळ्या क्रमाने आला. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली आणि तिनेही डिसेंबरचाच मुहूर्त धरला. फेब्रुवारी २००४ मध्ये प्रथम झालेली मुंबईची मॅरेथॉन पुढच्या वर्षापासून जानेवारीत सरकली. किनाऱ्यावरील दमट हवेत थंडी म्हणजे पहाटेचे दोन-तीन तास एवढाच अवधी असल्याने तेथे उजाडण्यापूर्वीच धाव सुरू करावी लागते.

नागरिकांच्या या महाकाय शर्यतींकडे प्रायोजक, दूरचित्रवाणी आणि नामवंत धावपटू वळल्यावर निवडकांच्या शर्यतीचा आर्थिक पाया खचत गेला. २००६ मध्ये हाइले गेब्रसेलासी, २००७ मध्ये पहिल्याच मॅरेथॉनमध्ये सॅम्युएल वान्जिरू आणि २००९ मध्ये २ तास ५ मिनिटे १८ सेकंदांच्या वेळेसह त्सेगाये केबेडे असे विजेते लाभूनही ही घसरण थांबली नाही, आणि ५ डिसेंबर २०२१ ची, केनियाच्या मायकेल गिथाए यांनी जिंकलेली शर्यत अखेरची म्हणून पार पडली. त्याच वर्षी उकाड्याच्या भीतीने टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन ८०० किलोमीटर उत्तरेला साप्पोरोत हलवण्यात आली होती, आणि तेथेही स्त्रियांची शर्यत आदल्या रात्री निर्णय घेऊन तासभर अलीकडे आणावी लागली. सव्वाशे वर्षांच्या अनुभवानंतरही ऑलिम्पिकने आपला ऋतू बदललेला नाही. फुकुओकाची शर्यत मात्र स्थानिक संस्थांनी पुढाकार घेऊन डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने सुरू केली आणि तिचा मुहूर्त जुनाच, डिसेंबरचा पहिला रविवार, ठेवला.