अमेरिकन सरहद्दीवरील रिव्हॉल्व्हरांचा संग्रह

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर वापरात असलेली रिव्हॉल्व्हरे त्यांच्या मूळ मालकांविषयीच्या कागदपत्रांसह जमवणे, ही शस्त्रसंग्रहाची एक स्वतंत्र शाखा आहे. या क्षेत्रात शस्त्राचे मोल त्याच्या घडणीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या मालकीच्या अखंड व पडताळता येण्याजोग्या इतिहासावर अवलंबून असते. कारखान्यातून एकाच काळात बाहेर पडलेल्या दोन सारख्या रिव्हॉल्व्हरांच्या किमतींत केवळ कागदपत्रांमुळे प्रचंड तफावत पडू शकते.

पार्श्वभूमी

सॅम्युएल कोल्ट याला १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचे अमेरिकन पेटंट मिळाले. १८४७ मध्ये बनलेल्या 'कोल्ट वॉकर' या प्रकाराची सुमारे १,१०० नगच निर्मिती झाली. लष्करी नगांवर पलटणीतील तुकडीचे अक्षर कोरलेले असल्याने ते कोणत्या तुकडीला दिले गेले, हे आजही ओळखता येते. १८७३ मध्ये अमेरिकन लष्कराने .४५ कॅलिबरचे 'कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी' स्वीकारले. साडेसात इंची नळीचे हे सहा-बारी रिव्हॉल्व्हर घोडदळाला देण्यात आले आणि 'पीसमेकर' या नावाने नागरिकांतही लोकप्रिय झाले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी थांबलेल्या त्याच्या पहिल्या उत्पादनमालिकेत साडेतीन लाखांहून अधिक नग तयार झाले. त्यामुळे ही वस्तू मुळात फारशी दुर्मीळ नाही; दुर्मीळ आहे तो तिच्या मालकाविषयीचा भरवशाचा पुरावा.

पुराव्याचे प्रकार

अनुक्रमांक हा तपासणीचा प्रारंभबिंदू असतो. कोल्ट कंपनी जुन्या नोंदवह्यांच्या आधारे अभिलेखपत्र देते. त्यात कॅलिबर, नळीची लांबी, मुलामा, पाठवणीची तारीख आणि माल कोणाकडे गेला हे नमूद असते. १८६४ मध्ये हार्टफर्ड येथील कारखान्याला लागलेल्या आगीमुळे त्यापूर्वीच्या नोंदी मात्र त्रोटक आहेत. स्मिथ अँड वेसनच्या शस्त्रांसाठीही अशी पत्रे मिळतात.

अभिलेखपत्राला मर्यादा आहेत. पाठवणीच्या नोंदीत बहुधा घाऊक व्यापाऱ्याचे नाव असते. त्याच्याकडून शस्त्र कोणी विकत घेतले, हे त्यावरून कळत नाही. थेट मागणी नोंदवणारे ग्राहक हा अपवाद होय. बॅट मास्टरसन याने जुलै १८८५ मध्ये डॉज सिटीहून कोल्ट कंपनीला पत्र लिहून निकेलचा मुलामा दिलेले, आखूड नळीचे व हलक्या चापाचे रिव्हॉल्व्हर मागवले होते. मागणीपत्र आणि कारखान्याची नोंद परस्परांशी जुळणे हा उत्तम दर्जाचा पुरावा समजला जातो. त्यानंतरच्या काळासाठी मृत्युपत्रे, न्यायालयीन कागदपत्रे, तत्कालीन छायाचित्रे आणि वृत्तपत्रांतील मजकूर यांचा आधार घेतला जातो. वंशजांचे शपथपत्र पूरक ठरते, पण केवळ त्यावर विसंबले जात नाही.

लष्करी नगांवर तपासनिसांची आद्याक्षरे आढळतात. उदाहरणार्थ, सुरुवातीच्या नगांवरील ऑर्व्हिल एन्सवर्थ याची. १८९० च्या दशकात लष्कराने अनेक रिव्हॉल्व्हरांच्या नळ्या साडेपाच इंचांपर्यंत कापून ती पुन्हा जुळवली. या कामात सुट्या भागांची सरमिसळ झाली. म्हणून अशा नगांवरील न जुळणारे क्रमांक हे बनावटीचे लक्षण नसून अस्सलपणाशी सुसंगत असू शकतात.

बनावट आणि दंतकथा

नवा मुलामा देणे, पुसट क्रमांक पुन्हा ठोकणे आणि प्रसिद्ध व्यक्तीचे नाव मागाहून कोरणे हे फसवणुकीचे नेहमीचे मार्ग आहेत. बॅट मास्टरसन स्वतःच न्यूयॉर्कमध्ये जुनी रिव्हॉल्व्हरे विकत घेऊन, त्यांच्या मुठीवर खाचा पाडून ती हौशी लोकांना देत असे, अशी आख्यायिका आहे.

'बंटलाइन स्पेशल' हे दंतकथेचे ठळक उदाहरण आहे. लेखक नेड बंटलाइन याने वायट अर्प व इतर चार अधिकाऱ्यांना लांब नळीची कोल्ट रिव्हॉल्व्हरे भेट दिली, असे स्टुअर्ट लेक याने १९३१ मध्ये अर्पच्या चरित्रात लिहिले. कोल्ट कंपनीच्या नोंदींत या भेटीला आधार सापडलेला नाही. तरीही कथा इतकी रूढ झाली, की १९५७ मध्ये कंपनीने त्याच नावाने नवे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले.

पॅट गॅरेटचे रिव्हॉल्व्हर

१४ जुलै १८८१ रोजी न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर येथे शेरीफ पॅट गॅरेट याने बिली द किड याला ज्या रिव्हॉल्व्हरने ठार केले, ते .४४ कॅलिबरचे कोल्ट त्याने डिसेंबर १८८० मध्ये बिलीचा साथीदार बिली विल्सन याच्याकडून जप्त केले होते. पुढे गॅरेटने ते एल पासो येथील टॉम पॉवर्स याच्या मद्यगृहात प्रदर्शनासाठी ठेवले. १९०८ मध्ये गॅरेटचा खून झाला. शस्त्र भेट दिलेले होते की केवळ ठेवण्यास दिलेले, हा वाद न्यायालयात गेला आणि १९३४ मध्ये गॅरेटची विधवा अपोलिनारिया हिच्या बाजूने निकाल लागला. एका कुटुंबाने हक्कासाठी दिलेला हा लढाच पुढे शस्त्राच्या अस्सलपणाचा महत्त्वाचा दस्तऐवज ठरला. ऑगस्ट २०२१ मध्ये बॉनहॅम्सच्या लॉस एंजेलिस येथील लिलावात त्याला ६० लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली. तुलनेसाठी, मूळ पेटीसह टिकलेले व एका डॅनिश जहाजकप्तानाने खरेदी केलेले कोल्ट वॉकर २०१८ मध्ये १८.४ लाख डॉलरना विकले गेले होते.

कायदा आणि संग्रहालये

अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार १८९८ मध्ये किंवा त्यापूर्वी बनलेली शस्त्रे 'पुरातन' मानली जातात व त्यांना संघराज्याच्या अनेक निर्बंधांतून सूट मिळते. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. सिंगल अ‍ॅक्शन आर्मीचे उत्पादन १८९८ नंतरही चालू राहिल्याने, एकाच प्रकारच्या दोन नगांचा कायदेशीर दर्जा निर्मितीच्या वर्षावरून ठरतो.

कोल्ट कारखान्याचा स्वतःचा संग्रह हार्टफर्ड येथील कनेटिकट इतिहास संग्रहालयात आहे. वायोमिंगमधील कोडी येथील बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट आणि लॉस एंजेलिसमधील ऑट्री संग्रहालय येथेही या काळातील शस्त्रांचे मोठे संग्रह आहेत.