पुण्यात मातीत सायकल चालवायचीय? आधी वाट कुणाची आहे ते बघा

"पुण्यात ऑफरोड सायकलिंगसाठी ट्रेल कुठे आहेत?" असं कुठल्याही ग्रुपवर विचारलं की पाच मिनिटांत उत्तर येतं: वेताळ टेकडी. दुसरा सांगतो तळजाई, तिसरा बाणेर-पाषाण. नवशिक्यासाठी ही तिन्ही उत्तरं चुकीची आहेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. टेकड्या वाईट आहेत म्हणून नाही. तिथल्या वाटा पायी चालणाऱ्यांनी, पायी चालणाऱ्यांसाठी पाडलेल्या आहेत, आणि ब्रेक कसा दाबायचा हे शिकायची ती जागा नाही.

मग शिकायचं कुठे? पुण्याच्या आसपास मातीच्या वाटा भरपूर आहेत. फक्त त्यांना कुणी ट्रेल म्हणत नाही, पाणंद म्हणतात.

हा प्रकार आला कुठून?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मारिन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. १९७० च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी भंगारातल्या जुन्या जाडजूड सायकली दुरुस्त केल्या आणि वणवा विझवायला जाणाऱ्या गाड्यांसाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडायला सुरुवात केली. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी रीतसर शर्यत लावली. तिचं नाव 'रिपॅक', कारण पायडल उलटं फिरवून लागणाऱ्या ब्रेकमधलं ग्रीस एका उतारातच जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, माउंटन बायकिंग हा पदकाचा खेळ झाला.

ही गोष्ट इथे सांगायचं कारण पुढे आहे. जिथे हा खेळ जन्मला, त्याच मारिनमधल्या माउंट टॅमलपायस डोंगरावरच्या अरुंद पायवाटा नंतर सायकलींना बंद झाल्या. रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैल, म्हणजे साधारण २४ किलोमीटर, आणि आंधळ्या वळणावर किंवा माणसाच्या बाजूने जाताना ताशी ५ मैल अशी मर्यादा आली. चालणारे आणि सायकलवाले यांच्यातलं भांडण तिथे अनेक दशकं चाललं. पुण्यात ते अजून तेवढं पेटलेलं नाही. पेटलं तर कोण हरेल हे सांगायला ज्योतिषी नको.

टेकडी का नको?

वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सर्वात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. पहाटे पाचपासून तिथे आजी-आजोबा, धावणारे, पक्षी बघणारे, कुत्री फिरवणारे अशी गर्दी असते. शहराच्या मधोमध इतकी मोकळी जागा उरलेली नाही, त्यामुळे लोक तिच्याबद्दल हळवे आहेत. बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात एप्रिल २०२३ मध्ये पुणेकरांनी मोर्चा काढला तो याच टेकडीसाठी. जी जागा वाचवायला माणसं उन्हात उतरली, तिथे उतारावरून घंटी न वाजवता सुसाट येणाऱ्या सायकलीला कुणी कौतुकाने बघणार नाही.

दुसरी अडचण मालकीची. बाहेरून एकच दिसणारी टेकडी कागदावर अनेकांची आहे: काही भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा, काही शिक्षणसंस्थांचा, काही खासगी. राखीव वनात शिरण्याचे नियम भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे ठरतात आणि स्थानिक वेळा, बंदी वगैरे फाटकावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. पाटीवर सायकलला मनाई असेल तर विषय संपला. "बाकीचे जातात की" हे उत्तर वनरक्षकाला देऊन उपयोग नाही.

तिसरं कारण मातीचं, आणि याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आपल्या टेकड्या काळ्या कातळाच्या. त्याच्यावर झिजून तयार झालेल्या मुरमाचा थर, आणि त्यावर जेमतेम वीतभर माती, गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली. नवशिक्या उतारावर घाबरतो आणि मागचा ब्रेक करकचून दाबतो. चाक जाम होतं, घसरतं आणि वाटेत एक चर पडतो. असे पन्नास चर मे महिन्यापर्यंत साठतात. जूनमध्ये पाणी त्याच चरातून धावतं, मुरूम वाहून जातो आणि पुढच्या वर्षी तिथे घोटाभर खोल घळ असते. मग चालणारे घळीच्या बाजूने नवी वाट पाडतात आणि गवत आणखी मागे सरकतं. एका सायकलीने टेकडी मोडत नाही, पण ब्रेक न येणारी शंभर माणसं तिचा एक उतार नक्की मोडू शकतात.

मग सुरुवात कुठून?

पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी, दोन्ही बाजूंना बांध किंवा काटेरी कुंपण असलेली बैलगाडीची वाट. गावाच्या जुन्या नकाशावर ती दिसते: दुहेरी तुटक रेघ असेल तर गाडीमार्ग, एकेरी तुटक रेघ असेल तर पायमार्ग. या नकाशावर असलेल्या वाटा वहिवाटीच्या, सर्वांसाठी खुल्या असतात. नांगरट करताना दरवर्षी फूटभर बांध सरकवून पाणंद गिळण्याचा उद्योग गावोगावी चालतो आणि त्यावरून भावकीत पिढ्यान् पिढ्या अबोला असतो, हे वेगळं. पण चाललेली पाणंद ही नवशिक्यासाठी उत्तम शाळा आहे. रुंद असते, चढ-उतार बेताचे, चाकोरीत मऊ माती, मधल्या पट्ट्यात गवत, अधूनमधून दगड. पडलात तरी दरीत नाही, फार तर घाणेरीच्या झुडपात.

असा सगळ्यात सोयीचा पट्टा पुरंदरचा आहे. कोंढव्याहून बोपदेव घाट चढून गेलं की वर पठार लागतं. भिवरी, बोपगाव, चांबळी, हिवरे, कोडीत, गराडे ही गावं आणि त्यांच्यामधून अंजीर-सीताफळाच्या बागांना जाणाऱ्या कच्च्या वाटा. दुसऱ्या बाजूला दिवे घाटाच्या वर सोनोरीजवळ मल्हारगड आहे. छोटा किल्ला, पायथ्यापर्यंतचा प्रदेश मोकळा. सासवड पुण्यापासून साधारण ३० किलोमीटर. घाट चढून पुन्हा मातीत चालवायची ताकद पहिल्या दिवशी नसते, त्यामुळे सुरुवातीला सायकल गाडीला लावून वर नेण्यात काहीच कमीपणा नाही. शिवाय पुरंदरला मुळशी-पानशेतपेक्षा पाऊस बराच कमी, त्यामुळे वाटा लवकर सुकतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पारगाव, खानवडी, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी ही सात गावं प्रस्तावित पुरंदर विमानतळाच्या भूसंपादनात आहेत. २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाला तिथे कडाडून विरोध झाला. अशा ठिकाणी हेल्मेटवर कॅमेरा, हँडलवर जीपीएस आणि चेहऱ्यावर रुमाल बांधलेला माणूस शेतातून फिरताना दिसला, तर त्याला मोजणीवाला समजणं अगदी स्वाभाविक आहे. ड्रोन तर घरीच ठेवा. थांबून नमस्कार करा, कुठून आलो ते सांगा, "वाट पुढे निघते का?" विचारा. शेतात भाजीपाला असेल, ठिबकच्या नळ्या आडव्या असतील, तर सायकल उचलून न्या. ठिबकची नळी चाकाखाली फुटली की शेतकऱ्याचा अख्खा दिवस जातो.

ॲपवर वाट दिसते, म्हणजे चालेल ना?

नाही. स्ट्राव्हाच्या हीटमॅपवरची उजळ रेघ एवढंच सांगते की इथून कुणीतरी गेलं. तो धावणारा असेल, ट्रेकर असेल, किंवा आतल्या परवानगीचा माणूस असेल. जानेवारी २०१८ मध्ये याच हीटमॅपवर जगभरातल्या लष्करी तळांच्या आतल्या वाटा दिसल्या आणि मोठा गदारोळ झाला होता. पुण्याला हे विशेष लागू आहे. खडकवासल्याची एनडीए, दिघी, देहूरोड इथे मोठमोठी लष्करी हद्द आहे आणि कुंपण सगळीकडे दिसेलच असं नाही. पिवळ्या किंवा लाल पाटीवर संरक्षण खात्याचं नाव दिसलं की मागे फिरा आणि तिथे फोटोही काढू नका.

ॲप वापरायचंच, तर असं वापरा: उपग्रह चित्रावर दोन गावांना जोडणारी कच्ची वाट शोधा, गावनकाशाशी जुळते का ते बघा आणि पहिल्यांदा ती चालत जाऊन या. एका सकाळचं काम आहे. कुत्री कुठे आहेत, ओढा कुठे आडवा येतो, वाट कुठल्या अंगणात संपते हे कळतं.

सायकल कोणती?

घरात गिअरची, जाड टायरची सायकल असेल तर पहिले दोन महिने तीच पुरे. नवीन घेताना फसवणूक होते ती एकाच ठिकाणी: स्वस्तातली, पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग लावलेली सायकल. दिसायला दणकट, पण ते स्प्रिंग वजन वाढवतात आणि चढावर तुमची अर्धी ताकद खातात. त्याच पैशात फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, डिस्क ब्रेकची, दोन इंचाच्या आसपास टायर बसणारी सायकल केव्हाही चांगली. दुकानात फ्रेमचं माप नीट घ्या. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर खालच्या दांड्यापासून चार बोटं तरी मोकळी हवीत.

हेल्मेट आणि हातमोजे पहिल्या दिवसापासून. पडताना माणूस हात टेकतो आणि मुरूम तळहात सोलून काढतो. सोबत दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर आणि चिमटा. चिमटा काट्यांसाठी: बाभूळ, बोर आणि हिवर यांचा काटा टायरमध्ये मोडून राहतो, दिसत नाही, आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसवतो. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून बघा, पण हळूच.

हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवा. मध्यम वजनाच्या माणसाला दोन इंची टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय ठीक. फार कमी केली तर दगडावर ट्यूब रिमखाली चिरडते.

मुरमावर सायकल कशी सांभाळायची?

कोरड्या मुरमावर चाक गोट्यांवर ठेवल्यासारखं सरकतं. म्हणून वळणात ब्रेक नको, वळणाआधी वेग कमी करा आणि ब्रेक सोडून वळा. उतारावर सीट खाली घ्या, दोन्ही पायडल एका पातळीत ठेवून उभे राहा, गुडघे-कोपर सैल, कंबर मागे. ब्रेक दोन्ही, एकेका बोटाने, हळूहळू. आपल्याकडे बऱ्याच सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, काहींना डाव्या. दुसऱ्याची सायकल घेतली तर आधी तपासा, नाहीतर सरळ हँडलवरून पुढे. आणि नजर दगडावर ठेवू नका, जिथून जायचंय तिथे ठेवा. दगडाकडे बघाल तर दगडावरच जाल.

चढाला लागण्याआधीच गिअर हलका करा. चढाच्या मध्यावर जोर लावत गिअर बदलला की चेन करकरते, कधी तुटते.

कधी जायचं, कधी नाही?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात काळी माती टायरला अशी लपेटते की चाक फिरायचंच थांबतं. शिवाय ओल्या वाटेवरची चाकोरी सुकून वर्षभर तशीच राहते. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस थांबा. मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळलेलं असतं, वणव्याचा धोका असतो आणि सावली नसते. गेलातच तर सकाळी नऊच्या आत परत, माणशी किमान दोन लिटर पाणी.

एकट्याने जाऊ नका. हे नुसतं सांगायचं म्हणून नाही. शहराच्या टेकड्यांवर फिरायला आलेल्यांना लुटण्याचे प्रकार झालेत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बोपदेव घाटात सामूहिक बलात्काराचा गुन्हा घडला. अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्यावर या. घरी मार्ग आणि परतीची वेळ सांगून निघा, मदतीसाठी ११२. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागात उसातल्या पाणंदी पहाटे आणि तिन्हीसांजेला टाळा, तिथे बिबट्याचे हल्ले झालेले आहेत.

आणि टेकडीवर कधीच नाही?

जिथे सायकलला परवानगी आहे तिथे, चाक न घसरवता थांबता यायला लागल्यावर जा. वाटेवर पहिला हक्क चालणाऱ्याचा. समोरून माणूस आला की पाय टेकून उभे राहा, मागून जाताना लांबूनच घंटी वाजवा आणि "आजोबा, उजवीकडून येतोय" असं म्हणा. चढणाऱ्या सायकलला उतरणाऱ्याने वाट द्यायची. वाटेवर चिखल असेल तर बाजूच्या गवतातून न जाता मधूनच उतरून चाला: जमिनीवर घरटी करणारे टिटवी-चंडोलासारखे पक्षी त्याच गवतात, त्याच मोकळ्या जमिनीवर अंडी घालतात आणि टिटवीचं अंडं दोन हातांवरूनही खड्यासारखंच दिसतं.