कुंडीतला वाटाणा

१९१२ सालचा उन्हाळा. लंडनहून नुकताच परत आलेला ४२ वर्षांचा एक माणूस मुंबईत कुंडीत वाटाणा पेरतो, कुंडीसमोर कॅमेरा रोवतो आणि ठरावीक वेळानं एकेक चौकट टिपत बसतो. दिवसामागून दिवस. महिन्याभरानंतर त्याच्या हाती जेमतेम मिनिटभराची फिल्म येते. तिच्यात कोंब माती फोडून वर येतो, पानं फुटतात, वेल वाढत जाते.

हा माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आणि या फिल्मचं नाव ‘अंकुराची वाढ’. आपण ‘राजा हरिश्चंद्र’चं नाव शाळेत पाठ करतो, पण त्याआधीचा हा वाटाणा मात्र विसरतो. माझ्या दृष्टीनं सगळा खेळ त्या वाटाण्यानं जिंकला.

हे मला उशिरा उमगलं, त्याचं कारण माझ्या पलंगाखाली आहे. काही वर्षांपूर्वी मी एक बैठा खेळ तयार केला. पट, सोंगट्या, पत्ते, सगळं स्वतः आखलं. वर्षभर कुणाला दाखवला नाही. कल्पना कुणी चोरेल ही एक भीती, आणि कुणी हसेल ही त्याहून मोठी. मग एकदम ३०० डबे छापून घेतले आणि ‘आला रे आला’ अशी पोस्ट टाकली. मित्रांनी बदाम पाठवले. डबे विकले गेले ३१.

त्यानंतर मी फाळक्यांकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. कलाकार म्हणून त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. मला पाहायचं होतं ते असं की, जी वस्तू अजून अस्तित्वातच नाही तिच्यासाठी या माणसानं लोकांना तयार कसं केलं?

१९११च्या ईस्टरच्या सुमारास त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहत होते. विम्याची पॉलिसी तारण ठेवून त्यांनी यशवंतराव नाडकर्णींकडून १०,००० रुपये घेतले आणि १ फेब्रुवारी १९१२ला लंडन गाठायला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र खरेदी केलं आणि १ एप्रिलला मुंबईत परतले.

यंत्रं आली, विद्याही आली. नव्हता तो पैसा. सावकाराला काय सांगणार? ‘देवांची हलती चित्रं काढतो, पैसे द्या’? त्या काळी हिंदुस्थानात असा उद्योग कुणी पाहिलाच नव्हता. अशा वेळी माणूस बोलत सुटतो, मोठमोठी स्वप्नं रंगवतो. फाळक्यांनी वाटाणा पेरला.

निवडक लोकांना ती मिनिटभराची फिल्म दाखवली गेली. डोळ्यांना कधीच दिसत नाही ते, म्हणजे रोपाचं वाढणं, त्यांना प्रत्यक्ष दिसलं. नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. आज स्टार्टअपवाले यालाच ‘प्रूफ ऑफ कन्सेप्ट’ म्हणतात. मला त्यातली काटकसर आवडते. नट नको, कपडे नकोत, सेट नको. आपल्याला हे जमतं एवढंच सिद्ध करायचं होतं, आणि त्यासाठी वाटाणा पुरेसा होता.

तरी पुढचं भांडवल फुकट आलं नाही. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. शिवाय फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक ही कामंही त्यांच्याकडेच होती. उत्पादनाच्या कथेत संस्थापकाचं नाव राहतं. धोका मात्र घरातल्या सगळ्यांनी पत्करलेला असतो.

विषयाची निवडही तयारीचाच भाग होती. माध्यम नवं, पण गोष्ट अशी की कुणाला समजावून सांगायलाच नको. स्वप्नातलं वचन पाळणारा राजा, तारामती, रोहिदास ही मंडळी कीर्तनातून आणि नाटकांतून घराघरांत आधीच पोहोचलेली होती. नवलाई एकाच बाजूनं यावी, दुसरी बाजू ओळखीची असावी, हे त्यांना कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. कामाला येणाऱ्या लोकांना ते म्हणे सांगायचे, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे म्हणून सांगा. परेश मोकाशींच्या २००९च्या चित्रपटाचं नाव आलं ते यातूनच. सिनेमात काम करणं लाजिरवाणं, कारखान्यात करणं अब्रूचं!

चित्रपट तयार झाल्यावरही त्यांनी थेट तिकीट लावलं नाही. २१ एप्रिल १९१३ला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात शहरातली प्रतिष्ठित मंडळी आणि वर्तमानपत्रांचे संपादक यांच्यासाठी खास खेळ केला. ३ मेला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. सोबत नाच, नकला आणि पायांनी कसरती करणारा कलाकार असा भरगच्च कार्यक्रम. पडद्यावरच्या राजाचा भरवसा नाही वाटला, तरी प्रेक्षक रिकाम्या हाती परतू नये.

आणि सुरतची हकिकत. तिथे पहिल्या दिवशी गल्ला जमला म्हणे ३ रुपये. नाटक दोन आण्यांत सहा तास चालायचं. हा खेळ तीन आण्यांत दीड तासात संपायचा. लोकांचा हिशेब चोख होता. मालकानं खेळ लांबवा असं सुचवलं. फाळक्यांनी खेळ तसाच ठेवला आणि जाहिरात बदलली: ५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, अवघ्या तीन आण्यांत. गर्दी लोटली.

मी कागद-पेन घेऊन बसलो. चित्रपटाची नोंदलेली लांबी ३,७०० फूट. एका फुटात १६ चौकटी, म्हणजे साधारण ५९,०००. तेव्हा छायाचित्रांचा आकडा जवळजवळ खरा. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! सत्यवचनी राजाच्या जाहिरातीत लांबी तिप्पट ताणलेली होती. मला हसू आलं, आणि थोडं खटकलंही. निम्मी जाहिरात खऱ्या मेहनतीची मोजदाद होती आणि ती एकटीही पुरली असती, असं मला आपलं वाटतं.

या तयारीनं त्यांना आयुष्यभर तारलं असंही नाही. १९३१मध्ये बोलपट आला, काळ बदलला. १९४४ साली नाशिकमध्ये ते गेले तेव्हा ते सिनेमाच्या धामधुमीपासून दूर होते. पहिला प्रेक्षक कसा मिळवायचा हे ज्याला कळलं, त्याला शेवटचा टिकवता येतोच असं नाही.

गेल्या महिन्यात मी पलंगाखालचा एक डबा काढून शेजारच्या मुलांपुढे ठेवला. दहा मिनिटांत एक मुलगी म्हणाली, “काका, हा नियम बोअर आहे, काढून टाका ना.” आम्ही काढला. खेळ तासभर चालला. पुढचा पट मी पुठ्ठ्यावर, पेन्सिलनं आखतोय. छापायचं नंतर बघू.